भिंतीएवढे दात

दात भिंतीवर आले तेव्हा पुढच्या रांगेत कुणीतरी बिस्किट खात होतं, त्याची कुरकुर मधेच थांबली. माणसापेक्षा उंच दात. गुलाबी हिरड्यांसकट, कपातल्या पाण्यात तिरके बुडालेले, आणि एका सुळ्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा फुटबॉलएवढा. टिटवीने तो बुडबुडा आधी कधी पाहिलेला नव्हता. खरं म्हणजे तिने दातच पाहिले नव्हते. फोटो काढला होता तिनेच, कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर तो पुन्हापुन्हा न्याहाळलाही होता, पण त्यात तिला दिसायची ती आत्या: दुपारी कामावरून येऊन खुर्चीत कोसळलेली, मान एका बाजूला, तोंड उघडं, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत राहिलेली, आणि खिडकीतून आलेलं ऊन मांडीवर मांजरासारखं बसलेलं. कोपऱ्यात स्टुलावर कप आहे हे तिला ठाऊक होतं, पण आपल्याला आपल्या पायाचा अंगठा ठाऊक असतो तसं. त्या कपात आत्याची कवळी आहे, ती फोटोत आली आहे आणि फोटो मोठा केला की कवळीही मोठी होणार, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. घरात जी वस्तू रोज त्याच जागी असते ती दिसायची बंद होते. आणि आता दाढीवाल्याने नेमका तोच कोपरा उचलून भिंतीवर चढवला होता.

दाढीवाला म्हणजे फोटो मंडळाचा प्रमुख. त्याला नाव होतं, पण टिटवीने पहिल्याच दिवशी तिथल्या सगळ्यांना आपल्या पदरची नावं देऊन टाकली होती. तिचं स्वतःचं नावही असंच आत्याच्या पदरचं. लहानपणी झोपेतसुद्धा बडबडायची म्हणून टिटवी. मंडळ वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचं, जुन्या कागदांच्या आणि ओल्या कोटांच्या वासात. ती तिथली सगळ्यात लहान, शाळेच्या गणवेशातच यायची, आणि गेल्या काही महिन्यांत तिला वाटायला लागलं होतं की आपल्या पाठीला कुणीतरी आतून पट्टी लावून दिली आहे. वर्गात हात वर करताना कोपर आता वाकत नव्हतं. आरशासमोरून जाताना ती थांबायची, आणि आरसाही थांबायचा. शहराच्या स्पर्धेला विषय दिला होता 'घर'. निवडलेले फोटो सभागृहात लागणार होते आणि फोटो द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. त्याआधी मंडळात फोटो दाखवून घ्यायची पद्धत होती, आणि ती मोठी कडक. प्रत्येकाने आपलं मेमरी कार्ड बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं, दिवे बंद करायचे, दाढीवाला डब्यात हात घालून येईल ते कार्ड लावणार. फोटो कुणाचा ते सांगायचं नाही. ज्याचा असेल त्याने तर ब्रसुद्धा काढायचा नाही, दाढीवाला 'आता बोला' म्हणेपर्यंत. "फोटोला तोंड असतं," तो म्हणायचा, "काढणाऱ्याने आपलं मिटून ठेवावं." टिटवीला हा नियम फार आवडायचा. फोटो दुसऱ्या कुणाचा असला की.

"बापरे," चष्मेवाली म्हणाली. ती कुठल्याशा कॉलेजात शिकवायची आणि 'बापरे'सुद्धा मुद्दा मांडल्यासारखं म्हणायची. "घर म्हटल्यावर सगळ्यांनी खिडक्या आणि बाळं आणलीत. इथे तर घराचं मढंच आणून ठेवलंय."

"थांबा, घाई नको," दाढीवाला म्हणाला आणि त्याने चित्र पुन्हा पूर्ण केलं. आत्या भिंतीभर पसरली. दाढीवाल्याच्या हातातल्या दिव्याचा लाल ठिपका तिच्या गुडघ्यावरून निघाला, पोटावरून चढला, टेपवर आला. "ही टेप बघा. माप संपलंय. आयुष्य मोजून झालं आता. आणि हे," ठिपका आत्याच्या उघड्या तोंडात शिरला, जिभेवर थांबला, गालाच्या आतल्या ओल्या बाजूने एक फेरी मारून आला, "हा घराचा दरवाजा. सताड उघडा, आणि आत कुणी नाही."

टिटवीने आपले ओठ घट्ट मिटले. ठिपका आपल्याच तोंडात आलाय असं तिला वाटलं. कोमट, माशीसारखा, टाळूला पाय पुसणारा. आयुष्य कसलं मोजून झालंय. आत्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, लोकांच्या पँटी आखूड करायची, कुणाच्या वाढलेल्या पोटासाठी शिवण सैल करायची, आणि टेप गळ्यात ठेवून घरी येणं ही तिची जन्माची खोड होती. एकदा ती तशीच झोपायलाही गेली होती, आणि सकाळी गालावर आकडे उमटलेले बघून बाबा म्हणाले होते, ताई, आज तू सेंटिमीटरमध्ये दिसतेयस. माप घेताना ती टाचण्या दातांत धरायची आणि दात घट्ट आवळून गिऱ्हाइकाशी गप्पाही मारायची; खरे दात गेले तेव्हा तिला दुःख झालं ते टाचण्यांचं. कवळी बसवल्यावर आरशासमोर उभं राहून तिने टाचण्या धरायचा सराव केला होता. हे सगळं सांगता आलं असतं. हात वर केला असता तर कोपरही वाकलं नसतं. पण नियम होता, आणि नियमाच्या आड किती ऐसपैस बसता येतं हे टिटवीला त्या अंधारात पहिल्यांदा कळलं.

मागून कुणीतरी खोकलं. एकदा, मग गिळून घेतलेलं अर्धं. तो खोकला टिटवीने कुठूनही ओळखला असता. एरवी तिला न्यायला बाबा यायचे आणि खाली फाटकाशी उभे राहायचे. आज त्यांना आणि आईला उशीर होणार होता म्हणून आत्या आली होती, आणि टिटवीने तिला खालच्या बाकावर बसायला सांगितलं होतं. 'वर तुला कंटाळा येईल' असं म्हणाली होती. खाली वारा लागला असणार. दिवे गेल्यावर कधीतरी दार किलकिलं झालं होतं, चपला फरफटल्या होत्या, शेवटची खुर्ची कुरकुरली होती, आणि टिटवीने ते ऐकूनही ऐकलं नव्हतं. म्हणजे आत्या इथे होती. आत्या अंधारात बसून भिंतीवरची आत्या बघत होती.

"मी जरा माझ्या धंद्याचं बोलू का?" हा दातांचा डॉक्टर. त्याला मंडळात सगळे हसायचे, कारण तो माणसांचे फोटोसुद्धा जबड्यापासून बघायचा. "खालच्या हिरड्या पार झिजल्यात हो. कवळी सैल असणार. जेवताना टकटक वाजत असेल, शेजारच्याला बसवत नसेल जवळ."

"ती काय तुमच्याकडे उपचाराला आलीये का?" कुणीतरी म्हणालं आणि हसण्याची एक ओळ अंधारातून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. त्या हसण्याला बिस्किटांचा वास होता, तोंडात भिजून लगदा झालेल्या बिस्किटांचा. टिटवीला तो वास चिकटला. कवळी वाजायचीच. लहान असताना टिटवी म्हणायची, आत्याचे दात टाळ्या वाजवतायत, आणि मग आत्या मुद्दाम जास्त वाजवायची, घासागणिक एक टाळी, आई 'पुरे आता दोघींचं' म्हणेपर्यंत. आणि तो कप तर मुळात टिटवीचाच. पिवळ्या बदकाचा. दुधाचे दात पडायला लागले तेव्हा तिने मोठ्या मनाने आत्याला देऊन टाकलेला, 'तुझेपण पडलेत ना' म्हणून. एकदा तहानेने जागी होऊन अर्धवट झोपेत तिने तोच कप तोंडाला लावला होता. आधी पाणी आलं, मग पाण्यामागून काहीतरी गार, गुळगुळीत, कडक ओठांवर येऊन आपटलं. दातांवर दात. तिने किंचाळून घर डोक्यावर घेतलं, आणि आत्या उठून बसली ती हसत सुटली. बिनदातांचं मोकळं तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माझे दात प्यायलीस गं टिटवे, आता मी जेवू कशाने?" तेव्हा किळस नव्हती वाटली. तेव्हा ते आत्याचं तोंड म्हणजे घरातली एक मऊ, अंधारी, ओळखीची जागा होती, उशीखालच्या जागेसारखी. तोच स्पर्श आता तिच्या ओठांवर परत आला, आणि तिने बाहीने ओठ पुसले. पुन्हा पुसले. पुसूनही तो जाईना.

मग तिने ते केलं जे करायचं नाही असं ती स्वतःला बजावत होती. तिने भिंतीकडे त्यांच्या नजरेने पाहिलं. आत्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीकडे गेलेली लाळेची एक तार उन्हात चकाकत होती. मानेची कातडी पिशवीसारखी लोंबत होती. तोंडातलं काळं भोक तोंडाचं राहिलंच नव्हतं. तिला आत्याची किळस आली, अगदी खरीखुरी, पोटातून. आणि त्या किळसेच्या जोडीनेच, तिच्याच अंगाला अंग घासत, दुसरंही काहीतरी वर आलं, गोड, गुदगुल्या करणारं: सगळे याच फोटोवर बोलतायत. बाकीच्या फोटोंना दोन दोन वाक्यं मिळाली आणि याला एवढा वेळ. हा फोटो सभागृहात लागणार. ओकारीवर साखर पेरल्यासारखी चव तिच्या जिभेवर आली, आणि शरमेची गोष्ट अशी की तिला ती चव आवडली.

"तो कप कापून टाका," चष्मेवाली म्हणत होती. "आधीच सगळं आहे, त्यात कप म्हणजे अतीच."

"कप हाच तर फोटो आहे," दाढीवाला म्हणाला. "बाई नसली तरी चालेल, कप हवा. डावा पाय मात्र घोट्यात कापलाय, ते वाईट. एक पाऊल मागे जायला काढणाऱ्याच्या पायाला काय दुखणं होतं? पण माझं विचाराल तर या वर्षी आपल्याकडून हाच जाणार. याला मी नावसुद्धा देऊन टाकतो. 'ओसाड'. चला. ज्याचा असेल तो, आता बोला."

टिटवी उठली. पाठीतली पट्टी जागच्या जागी होती. प्रोजेक्टरचा झोत तिच्या खांद्यावरून जात होता, त्यामुळे तिच्या केसांची सावली आत्याच्या पोटावर पडली. "अरे, आपली चिमुरडी," कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या पडल्या. मग दाढीवाल्याने अगदी सहज, कौतुकाने विचारलं, "कोण आहे गं ही बाई?"

तिला विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणता आलं नसतं. भरपूर वेळ होता. त्या वेळात तिला शेवटच्या खुर्चीतून येणारा खोकल्याच्या गोळीचा वाससुद्धा आला.

"ओळखीची नाही," टिटवी म्हणाली. "एका दुकानात दिसली. मागच्या खोलीत झोपली होती."

"विचारलंस तिला?"

"झोपलेली होती ना," टिटवी म्हणाली, आणि सगळे पुन्हा हसले, या वेळी तिच्या बाजूने.

दिवे लागले. माणसं डोळे चोळत एकमेकांकडे बघायला लागली, आणि दाढीवाल्याची नजर शेवटच्या खुर्चीवर गेली. तिथे एक बाई बसली होती. कवळी जागच्या जागी, केस नीट मागे घेतलेले, मांडीवर कुणाच्या तरी पँटीची घडी, आणि एक हात तोंडावर, खोकला आल्यासारखा. "आपण कुणाबरोबर?" दाढीवाल्याने आदराने विचारलं. आत्याने हात तोंडावरून काढला नाही. हाताआडूनच म्हणाली, "मी हिची शेजारीण. हिच्या आईने पाठवलंय, न्यायला." दातांचा डॉक्टर तिच्या अगदी शेजारून कोट घालत गेला. त्याने तिला 'जरा सरकता का' म्हटलं आणि तो गेला. भिंतीवर जिच्या हिरड्या त्याने मोजल्या तिला त्याने ओळखलं नाही.

रस्त्यात टिटवी वाट बघत होती. एक थप्पड, एखादं बोलणं, निदान चिडकी चाल. आत्या मात्र नेहमीसारखी डावा पाय जरा ओढत चालत होती आणि बोलत होती, जरा जास्तच. "तो दाढीवाला बरोबर बोलला हां. पाय कापलायस तू माझा. तो दुखरा पाय आहे, तो तरी नीट घ्यायचा."

"आत्या."

"आणि ती चष्मेवाली, तिच्या कोटाची शिवण उसवलीये खांद्यात. सांगणार होते. म्हटलं शेजारणीने कशाला बोलावं."

"आत्या, मी..."

"फाटकाशी बघ, खड्डा आहे."

आईबाबा अजून आलेले नव्हते. आत्या सरळ न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लागली. छोटासा आवाज. पण टिटवीने तो आवाज या घरात कधी ऐकलेला नव्हता, म्हणजे आत्याच्या बाबतीत तरी. आत्या दात काढायची ती सगळ्यांच्या देखत, गप्पांच्या मधेच, टोपी काढावी तसे. आता नळ सुटला, बराच वेळ सुटलेला राहिला. ती बाहेर आली तेव्हा दात तोंडातच होते. ती दात ठेवूनच झोपायला गेली. टिटवी अंथरुणात पडून आपल्या जिभेने आपले दात मोजत राहिली आणि तिला स्वतःच्या तोंडाचा वास येत राहिला, बिस्किटांसारखा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या स्वच्छतागृहात, पायाखाली ओली फरशी आणि नाकात फिनेल, तिने कॅमेरा काढला आणि फोटो पुसून टाकला. यंत्राने विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. आणि मग तिला इतकं उदात्त वाटलं की तिची मान आपोआप ताठ झाली आणि डोळे भरून आले. घरी जाऊन आत्याला सांगायचं वाक्य तिने तासाला बसल्याबसल्या तयार केलं, दोनदा सुधारलं, शेवटचा शब्द बदलला. घराच्या जिन्यावर आल्यावर तिला कळलं की आपण हे वाक्यसुद्धा भिंतीवर टांगायलाच नेतोय. तिला आपल्या त्या भरून आलेल्या डोळ्यांची इतकी शिसारी आली की ती जिन्यातच थुंकली, आणि मग खाली वाकून ते बुटाने पुसलं.

आत्या खुर्चीत बसलेली होती. ठेवणीतला निळा स्वेटर, विंचरलेले केस, पायात बाहेरच्या चपला, आणि खुर्ची खिडकीकडे जरा वळवून घेतलेली. टेप गळ्यात होती, पण दोन्ही टोकं सारखी करून. "आलीस? चल, घे लवकर, ऊन जाईल मग. या वेळी पायासकट घे."

"मी पुसला तो," टिटवी म्हणाली. तयार केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "फोटो. मी तो देणार नाहीये."

"पुसलास?" आत्या तिच्याकडे बघत राहिली. "वेडी आहेस का गं. तुझा नंबर आला असता." मग खिडकीकडे बघत, "मला कुठे माहीत होतं मी झोपते कशी. सगळं घर बघतं, मीच तेवढी बघितली नव्हती. अजून एकदा बघायचं होतं." आणि मग तिने हात झटकले, काम राहिलंय असे. "असू दे. परत काढ. संध्याकाळपर्यंत नेऊन देता येईल. मी झोपते."

आत्याने डोळे मिटले. ओठही मिटले, घट्ट, टाचण्या धरल्यासारखे. दोन्ही हात मांडीवर. पाय जुळवलेले. टिटवीने कॅमेरा डोळ्याला लावला, कारण नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. चौकटीत एक बाई बसली होती. नीटनेटकी, ताठ, झोपेचं सोंग घेतलेली, कुठल्याही सभागृहात, कुठल्याही भिंतीवर चालेल अशी. टिटवी बघत राहिली. काल ती सगळ्यांसमोर खोटं बोलली होती, आणि आज ते खरं झालं होतं. ही बाई तिच्या ओळखीची नव्हती.

"झालं?" बाईने डोळे न उघडता, ओठ फारसे न हलवता विचारलं.

टिटवीने कॅमेरा खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. बदकाचा कप फडताळात होता, घासून लखलखीत, पालथा घातलेला. तिने तो पाण्याने भरून आणला आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला, जिथे तो असायचा तिथेच. आत्याने एक डोळा उघडला. "तो कापून टाक म्हणाली ना ती."

"राहू दे."

"कशाला. आत ठेव, सांडेल." डोळा पुन्हा मिटला. ओठ मिटलेलेच होते.

कपातलं पाणी हललं, मग थांबलं. त्यात काही नव्हतं. तळाशी बदकाची पिवळी चोच दिसत होती. टिटवीने कप उचलला आणि तोंडाला लावला, डोळे मोठे केले, गाल फुगवले आणि दचकून किंचाळल्याचा सगळा जुना खेळ करून दाखवला. "आत्या, तुझे दात प्यायले मी."

पाण्याला साबणाची चव होती. ती तिने गिळली. आत्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि तिचे खांदे हलायला लागले, आधी थोडे, मग खूप, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती हसत होती. हसताना तिचा हात आपणहून वर गेला आणि तोंडावर बसला, आणि हसणं संपलं तरी तो तिथेच होता.